निळ्या उजेडातले चिमटे

दातांच्या अनेक दवाखान्यांत निळसर उजेडाचे एक छोटे कपाट असते, ज्याला सगळे ‘यूव्ही चेंबर’ म्हणतात. रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात मी बरीच वर्षे काम केले असल्यामुळे कोणत्याही दवाखान्यात गेले की माझी नजर आधी त्या कपाटाकडे जाते. गेल्या महिन्यात एके ठिकाणी नळाखाली नुसते विसळलेले चिमटे, मिटलेले आणि एकावर एक रचलेले, त्या उजेडात ‘निर्जंतुक होण्यासाठी’ ठेवलेले पाहिले आणि मला गप्प बसवेना.

या कपाटातले अतिनील (यूव्ही) किरण प्रभावी आहेत, यात शंका नाही. कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात; जंतूंचा डीएनए ते शोषून घेतो, त्यातील शेजारचे थायमिन घटक एकमेकांना जोडले जातात आणि जंतूंची वाढ थांबते. सूर्यप्रकाशात जंतू वाढत नाहीत, हे डाउन्स आणि ब्लंट या संशोधकांनी इंग्लंडमध्ये १८७७ मध्येच दाखवले होते. मात्र हे किरण सरळ रेषेत जातात. चिमट्याच्या सांध्यात, दातेरी टोकांच्या खाचांत किंवा खालच्या उपकरणावर पडलेल्या सावलीत ते पोहोचत नाहीत, आणि वाळलेल्या रक्ताचा किंवा लाळेचा पातळ थरही जंतूंची ढाल बनतो. साधी काचसुद्धा त्यांना अडवते.

म्हणून उपकरणे आधी ब्रशने घासून धुवावीत, मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवावीत. हे कपाट त्यानंतरच्या साठवणीपुरतेच. रक्ताशी संबंध येणाऱ्या उपकरणासाठी त्याच्यावर भरवसा ठेवणे मला धोक्याचे वाटते. सोनोग्राफीच्या प्रोबसारख्या, उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी यूव्हीची खास यंत्रे आहेत, पण त्यांत प्रकाश सर्व बाजूंनी आणि मोजून पडतो.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कपाटातल्या दिव्याची ट्यूब जुनी झाली की तिच्यातून निघणारे अतिनील किरण कमी होत जातात, डोळ्यांना दिसणारा निळा उजेड मात्र जवळपास तसाच राहतो. ते किरण मुळात दिसतच नाहीत, त्यामुळे नुसते पाहून काही कळत नाही. “ट्यूब कधी बदलली होती?” असे मी तिथल्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी मदतनीस ताईंकडे पाहिले आणि ताईंनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी त्याच वेळी चिमटे बाहेर काढले, उघडले आणि धुवायला दिले.