गालांत फिलर घेताना

थायरॉइडच्या आजारात माझे वजन नऊ किलोंनी उतरले. औषधांनी आजार आटोक्यात आला, रक्ताचे अहवाल सुधारले, थोडे वजनही परत आले. चेहरा मात्र पूर्ववत झाला नाही. वयाच्या 56 व्या वर्षी गाल आत गेले, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतच्या रेषा खोल झाल्या आणि भेटेल तो माणूस ‘बरे नाही का?’ असे विचारू लागला. तरुण दिसण्याची मला हौस नव्हती, परंतु बरी झाल्यावरही आजारी दिसणे मला फार लागत होते.

प्रथम मी एका सौंदर्य केंद्रात गेले. तिथे दहा मिनिटांत फिलरच्या, म्हणजे खळगे भरून काढणाऱ्या इंजेक्शनच्या, चार सिरिंजचे पॅकेज सांगितले गेले आणि सवलत त्याच दिवसापुरती असल्याचे बजावले गेले. इंजेक्शन कोण देणार आणि औषध कोणत्या कंपनीचे, या माझ्या दोन्ही प्रश्नांना नीट उत्तर मिळाले नाही, तेव्हा मी उठून घरी आले.

त्यानंतर पुण्यातच ज्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले, त्यांनी बसल्या बसल्या सांगितले, “आज मी काहीही टोचणार नाही. आज आपण फक्त बोलू.” वयानुसार केवळ त्वचा सैल पडत नाही, तर गालांतील चरबीचे थर आक्रसतात आणि डोळ्यांच्या खोबणीभोवतीचे व वरच्या जबड्याचे हाडही झिजते, हे मला तिथे प्रथमच कळले. डावीकडच्या वरच्या दोन दाढा मी पूर्वीच काढल्या होत्या. तो गाल अधिक का बसला, याचाही उलगडा झाला. रेषेतच औषध भरत गेले तर चेहरा जड दिसतो, म्हणून आधार गालाच्या हाडावर द्यायचा, असे त्यांचे मत होते. बोटॉक्सने स्नायू सैल होतात आणि फिलरने खळगा भरतो, हा फरकही मला तोवर ठाऊक नव्हता.

त्यांनी हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर सुचवले. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी तो गाईच्या डोळ्यातून वेगळा केला. शरीर तो लवकर विरघळवते, म्हणून फिलरमध्ये त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडून तो अनेक महिने टिकेल असा केलेला असतो. मला महत्त्वाचे वाटले ते हे की, हायल्युरॉनिडेज नावाच्या विकराने (एन्झाइमने) तो विरघळवता येतो. कायमस्वरूपी फिलरला असा उतारा नाही.

मग त्यांनी धोका सांगितला, तोही काही न झाकता. औषध रक्तवाहिनीत गेले तर त्वचेचा तो भाग मरू शकतो, आणि चेहऱ्याच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्यामुळे क्वचित दृष्टीही जाऊ शकते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या भेटीत मी विचारले, “उतारा तुमच्याकडे आहे का?” त्यांनी कपाट उघडून कुप्या दाखवल्या, त्यांवरील मुदतीची तारीख मला वाचायला लावली. माझा निर्णय त्या क्षणी झाला.

माशाच्या तेलाच्या गोळ्या त्यांनी आठवडाभर आधी थांबवायला सांगितल्या होत्या. (हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी मात्र ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.) ठरलेल्या दिवशी फोटो काढून, सरळ बसवूनच माझ्या चेहऱ्यावर खुणा केल्या गेल्या, कारण आडवे झाल्यावर गाल मागे सरकतात. सुन्न करणारे मलम लावले, सीलबंद खोका माझ्यासमोर फोडला आणि त्यावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर माझ्या फाइलमध्ये चिकटवला. बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक पोकळ नळी, आत सरकताना दुखले नाही. पण कानाशी बारीकसा करकर आवाज येत होता आणि त्याचीच मला अधिक धास्ती वाटली. थोडे औषध सोडले की डॉक्टर थांबत, त्वचा दाबत आणि रंग लगेच परत येतो का ते पाहत. एक मिलिलीटरच्या दोन सिरिंज लागल्या. डाव्या गालाला अधिक.

निघताना त्यांनी बजावले, “दुखणे वाढत गेले, त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे डाग दिसले किंवा नजर धूसर झाली, तर सकाळची वाट पाहू नका.” दुसऱ्या रात्री डावा गाल ताठरला आणि मी घाबरून फोटो पाठवला. त्यांनी तत्काळ बोलावून तपासले. ती साधी सूज निघाली. जांभळा डाग पिवळा पडत आठ-नऊ दिवसांनी गेला.

दोन आठवड्यांनी मी डोळ्यांखालीही भरून देण्याचा आग्रह धरला. त्यांनी नकार दिला. मला तिथे सकाळी सूज येते, हे औषध पाणी धरून ठेवते, आणि पातळ त्वचेखाली ते निळसर दिसू शकते, असे त्यांनी समजावले. मी नाराज होऊन परतले. आज त्या नकाराबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

याला आता अकरा महिने झाले. परवा खिडकीपाशी, उजेडात मी पुन्हा फोटो काढला. डावा गाल किंचित उतरू लागला आहे, उजवा अजून तसाच आहे. पुढच्या महिन्यात तपासणीला जाताना तो फोटो बरोबर नेणार आहे. पुन्हा घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांशी बोलल्यावरच ठरवीन.