विभागून म्हणजे अर्धा नव्हे

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की दरवर्षी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. ऑफिसातल्या मुली विचारतात, भाचा विचारतो, फिल्म सोसायटीच्या खेळानंतर चहा घेताना नवे सभासद विचारतात. "ताई, खरं सांगा, त्या वर्षी एकट्या इरफानलाच मिळायला हवा होता ना? विक्रम गोखल्यांना मराठी म्हणून दिला ना?"

नाही. मला तसं तेव्हाही वाटलं नाही, आज तर अजिबातच वाटत नाही.

ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ६०वे राष्ट्रीय पुरस्कार २०१२च्या चित्रपटांसाठी होते आणि मार्च २०१३ मध्ये जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दोघांना विभागून मिळाला. 'पानसिंग तोमर'साठी इरफान खान आणि गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती'साठी विक्रम गोखले. 'पानसिंग तोमर' सर्वोत्कृष्ट चित्रपटही ठरला.

आता गंमत बघा. निकाल लागला त्या दिवशी 'पानसिंग तोमर' सगळ्यांनी पाहिलेला होता, कारण तो वर्षभर आधी लागून गेला होता. 'अनुमती' मात्र थिएटरात यायचाच होता. राष्ट्रीय पुरस्कारांना प्रदर्शनाची तारीख लागत नाही. त्या वर्षात सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालेलं असलं की पुरतं. म्हणजे परीक्षकांनी दोन्ही चित्रपट पाहिले होते आणि आपण एकच. तरी आपण निवाडा करून मोकळे झालो. हा वाद इतकी वर्षं टिकलाय त्याचं मूळ मला इथेच दिसतं. ज्याने दोन्ही पाहिलेत त्याने हा प्रश्न विचारलेला मला आजवर आठवत नाही.

इरफानबद्दल माझ्या मनात किंतु नाही, हे आधी स्पष्ट करते. तो पानसिंग मी चार वेळा पाहिलाय. पलटणीतला एक भुकेला जवान. खेळाडूंच्या जेवणावर मर्यादा नसते असं कळलं म्हणून हा खेळाकडे वळतो. आइस्क्रीम वितळायच्या आत साहेबाच्या घरी पोचवायचं म्हणून हा जो धावत सुटतो, ते धावणं बघा. आणि नंतर बीहडात, म्हणजे चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत, हातात बंदूक आल्यावरचं धावणं बघा. पाय तेच, पण पहिल्यात मौज आहे आणि दुसऱ्यात थकवा आहे. राष्ट्रीय विजेता धावपटू बागी, म्हणजे बंडखोर डाकू, का होतो, हे संवाद सांगतात त्याच्या आधी इरफानचं शरीर सांगून मोकळं झालेलं असतं. एप्रिल २०२० मध्ये तो गेला, त्या रात्री मी पुन्हा तोच चित्रपट लावला होता.

आता 'अनुमती'. रत्नाकर नावाचा एक वयस्कर माणूस, त्याची बायको व्हेंटिलेटरवर. खर्च आवाक्याबाहेर चाललेला. श्वास थांबला तर पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न करू नका, अशा अर्थाच्या कागदावर त्याने सही करायची आहे. ती अनुमती. तो सही करत नाही आणि पैसे उभे करायला वणवण करतो. कथा म्हणून एवढीच. पळापळ नाही, बंदूक नाही, टाळ्या घेणारं वाक्य नाही.

माझी मामी गेली तेव्हा आयसीयूच्या बाहेर मी मामाच्या शेजारी उभी होते. कागद आला. पॅडला सुतळीने बांधलेलं निळं पेन होतं. मामाने उभा जन्म एका पेढीवर वह्या लिहिण्यात घालवलेला. तारीख, वार, तिथी त्याला झोपेतून उठवून विचारावी. त्याने पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "आज तारीख काय गं?" मी सांगितली. त्याने मान हलवली, पेनाचं टोक कागदाला टेकवलं आणि पुन्हा उचललं. मग अगदी हळू विचारलं, "काय म्हणालीस?" तिथे एक टिंब उमटलं होतं शाईचं. बाकी काही नाही. तो रडला नाही, कुणावर ओरडला नाही. कागद घेऊन आलेली मुलगी खाली मान घालून थांबली होती.

'अनुमती' मी त्यानंतर पाहिला आणि विक्रम गोखल्यांच्या चेहऱ्यावर मला ते टिंब दिसलं. याहून नेमकं मला सांगता येत नाही. गोखल्यांचा पॉज म्हणून आपण रंगभूमीवर त्यांचं केवढं कौतुक केलं. तो पॉज जरबेचा असायचा, 'बॅरिस्टर' नाटकातला, समोरच्याला खिळवून ठेवणारा. 'अग्निपथ'मधले कमिशनर गायतोंडे आठवा. इथे त्यांनी त्या पॉजमधली जरबच काढून घेतलीय. माणूस थांबतो ते दुसऱ्यावर परिणाम व्हावा म्हणून नाही, पुढचं वाक्य त्याला सापडत नाही म्हणून. पन्नासेक वर्षं कमावलेलं हत्यार नटाने खाली ठेवलं, आणि रिकाम्या हातांनी तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. ज्यांच्या पणजी दुर्गाबाई कामत १९१३ मध्ये एका चित्रपटातून पडद्यावर आल्या, आजी कमलाबाई लहानपणीच त्याच चित्रपटात दिसल्या, वडील चंद्रकांत गोखले, त्या घरातल्या नटाने हे केलं. मला हे फार मोठं वाटतं.

म्हणून 'विभागून' या शब्दावर माझा राग आहे. जमिनीची वाटणी झाल्यासारखा तो शब्द आहे. अर्धा तुला, अर्धा मला. त्यातूनच कुणाचा तरी हिस्सा मारला गेला, असं लोकांना वाटायला लागतं. १९९८ सालच्या चित्रपटांसाठी 'जख्म'चा अजय देवगण आणि जब्बार पटेलांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मधले मामुट्टी यांना असाच मिळाला होता. कुणाचा हिस्सा मारला गेला तिथे? बाबासाहेब उभे करणाऱ्या मामुट्टींचा अर्धा पुरस्कार, हे मी तोंडातून काढूच शकत नाही.

आणि 'मराठी म्हणून'? आदल्याच वर्षी 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णींना तो एकट्याला मिळाला होता, त्याआधी 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेंना. वाटे वाटायचे असते तर लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्रात कुणी पाठवला असता का? त्याच ६०व्या पुरस्कारांत 'धग'साठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली आणि शिवाजी लोटन पाटील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक. स्मशानात काम करणाऱ्या घरातली ती आई ज्यांनी पाहिलीय, ते कोट्याची भाषा बोलणार नाहीत.

अन्यायाबद्दलच बोलायचं, तर माझ्याकडे एक आहे, आणि तो पुढच्याच वर्षीचा. २०१३च्या चित्रपटांसाठी पुरस्कार पुन्हा दोघांना मिळाला. 'शाहिद'चा राजकुमार राव आणि मल्याळममधले सूरज वेंजारमूडू. त्या वर्षी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' होता. अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्राताईंना मिळाला. दोन्ही रास्त. डॉ. मोहन आगाशेंना मिळाला नाही, आणि हे मला अजून पटलेलं नाही.

संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, चक्रपाणी शास्त्री. स्मृतिभ्रंशाने एकेक गोष्ट गळत चाललीय. लेक जरा वेळ त्यांना गाडीत ठेवून जाते, त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते त्याच्या मागे निघून जातात. आगाशे त्या हत्तीकडे कसे बघतात ते बघा. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेला हा माणूस आजाराची लक्षणं दाखवत बसत नाही. समोर हत्ती आहे आणि आपल्याला तो आवडलाय, एवढंच त्या चेहऱ्यावर असतं. माहुताची बायको त्यांच्याशी कानडीत बोलते, त्यांना घास भरवते, आणि हा पंडित तिच्यासमोर निर्धास्त बसून जेवतो. कोण आहोत, कुठे आहोत, कशाचीही फिकीर नाही. आयुष्यभर जपलेली विद्वत्ता गेलीय आणि तरी माणूस उरलाय, हे त्यांनी नुसतं बसून दाखवलंय.

तेव्हा पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येणार असाल, तर आधी 'अनुमती' आणि 'अस्तु' बघून या. मग चहा मी करते. इरफानवर हवं तेवढं बोलू, पण सुरुवात हत्तीपासून करायची.