पाताळेश्वर, भर उन्हात

अमरावतीहून आत्या आली की आम्हाला पुणं दिसतं. एरवी शनिवारवाडा म्हणजे नव्या पुलाआधीची कोंडी. हत्तीची धडक अडवायला दिल्ली दरवाज्यावर ठोकलेले खिळे बघून आत्या हरखली. आत गेली, तर हिरवळ आणि जोती. "वाडा कुठी हाये?" म्हटलं, 1828 च्या आगीत गेला. "मंग तिकीट कायचं?"

यावर पुणेकराने काय बोलावं! तिला रिक्षात घालून पाताळेश्वरला आणलं. वाटेत जंगली महाराज रस्त्याची कहाणी ऐकवली: 1976 मध्ये झाला, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी हमी होती, वगैरे. लेणं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या वेळचं, हे सांगायचं उतरताना आठवलं. आमचा अभिमान असा, डांबरापासून सुरू होतो.

पाताळेश्वरला जावं ते मे महिन्यात, दुपारी, असं माझं ठाम मत आहे. थंडीत काय, कुणीही जातं. लहानपणी आजोबांबरोबर यायचो तेव्हा आम्हा भावंडांची शर्यत असायची. चपला काढायच्या आणि तापलेल्या काळ्या दगडावरून नंदीच्या मंडपापर्यंत चालत जायचं, पळायचं नाही. जो "हाय हाय" करेल तो बाद. आजोबा मात्र त्याच दगडावर उभे राहून निवांत माहितीफलक वाचत, तोही दर वेळी पहिल्यापासून. मग तो गोल मंडप, त्या जाडजूड चौकोनी खांबांची सावली, आणि तळव्यांतून वर चढत जाणारा गारवा. तो गारवा मला अजून कुठल्याच एसीत सापडलेला नाही.

खांबाला टेकलं की छिन्नीचे घाव पाठीला लागतात. एकाच खडकात वरून खाली कोरत आणलेलं काम. म्हणजे छप्पर आधी आणि जमीन सगळ्यांत शेवटी. चुकलेला घाव बुजवायची सोयच नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आठवून मी विषय मनातल्या मनात बदलला.

"हे अर्धंच काहून सोडलं?" आत्याने आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं. शेजारच्या गृहस्थांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "निधी संपला असणार." दुसऱ्यांनी चष्मा पुसत त्यांना खोडलं. दगडात दोष निघाला म्हणे. मग दोघांची जी जुंपली! आत्या पिशवीतला चिवडा काढून ऐकत बसली. दिल्ली दरवाज्यापेक्षा हे तिला जास्त आवडलं असावं.

राहता राहिला सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. मोरावर बसलेला, तीन सोंडांचा. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई कोरलेत, पेशवाई जोरात असतानाच. गाडी लावायला जागा मिळाली तर उद्या दाखवीन.