बेतुलच्या तलावात मुंबई हाय

असोळणे मागे पडलं की साळ नदी शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. फेब्रुवारीतली सकाळ, काजूला मोहर आलेला, आणि शेजारच्या सीटवर दादा गप्प. तो उरणहून रात्रीच्या गाडीने मडगावला उतरला होता आणि मी फोंड्याहून त्याला न्यायला आलो होतो. गेली १९ वर्षं तो मुंबई हायवर, म्हणजे मुंबईसमोरच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, कामाला आहे. १४ दिवस समुद्रात, १४ दिवस घरी. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या गोव्यातल्या बेतुलच्या संस्थेत त्याचा समुद्रातून जीव वाचवण्याचा कोर्स होता. तो केल्याशिवाय मुंबई हायला नेणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये पाऊल ठेवता येत नाही.

"काय करायला लावतात?" मी विचारलं.

"हेलिकॉप्टरची केबिन तलावात सोडतात. पाणी गळ्यापर्यंत चढलं की ती उलटी होते. फिरणं थांबेपर्यंत हलायचं नाही. एक हात पट्ट्यावर, दुसरा खिडकीच्या कडेवर. आधी खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा."

"आणि आधीच पट्टा सोडला तर?"

"मग वर कुठे, खाली कुठे, काहीच कळत नाही रे."

त्याला फाटकाशी सोडून मी जेटीवर आलो. साळ इथेच समुद्राला मिळते. पलीकडे मोबोरची वाळू, अलीकडे ट्रॉलर आणि जाळी विणणारी माणसं. ही संस्था १९८९ पासून इथे आहे. सागरी बचावाचं नवं केंद्र मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं. वर्षाला दहा ते पंधरा हजार माणसं इथे तयार व्हावीत, असा बेत आहे.

आम्ही लहानपणी मुंबई हायचं तेल-वायू जिथे येतं त्या उरणच्या प्रकल्पाची ज्योत बघत शाळेतून घरी यायचो. ती ज्योत म्हणजे थेट १६० किलोमीटरवरचा समुद्र, असं बाबा सांगायचे. देशाकडे तेल नाहीच, असं बाहेरचे जाणकार सांगत असताना तेव्हाचे केंद्रातले मंत्री केशवदेव मालवीय अडून बसले, सोव्हिएत भूवैज्ञानिकांची मदत घेतली, आणि १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग, म्हणजे आजची ओएनजीसी, उभा राहिला. १९५८ मध्ये खंबायतला तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला. आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगने मुंबई हायचं तेल शोधलं. २१ मे १९७६ ला उत्पादनही सुरू झालं. समुद्रातल्या कामाचा जेमतेम अनुभव असलेल्या माणसांनी सव्वादोन वर्षांत हे केलं. मला आजही त्याचं अप्रूप वाटतं.

पण आमच्या घरात या इतिहासाची आणखी एक तारीख आहे. २७ जुलै २००५. मुंबई बुडाल्याच्या दुसऱ्या दिवशी 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला घेऊन मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मला लागत होतं. लाटांनी ते वायूच्या नळांवर आदळलं आणि भडका उडाला. २२ माणसं गेली. पुढच्याच वर्षी दादाला ही नोकरी लागली. आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

जाळं विणणाऱ्या एका काकांनी विचारलं, "हांगाच्या दर्यांत तेल आसा काय?"

गोव्यासमोरचा समुद्र केरळ-कोकण खोऱ्यात मोडतो. तिथे विहिरी खणल्या गेल्या, पण व्यापारी तेल अजून लागलेलं नाही. दख्खनच्या बेसाल्टचे थर समुद्राखालीही पसरलेत. त्यांच्याखाली काय आहे ते शोधासाठी जमिनीत सोडलेल्या कंपनलहरींनाही नीट दिसत नाही. एवढं मी काकांना सांगितलं. त्यांनी वाळूकडे बोट दाखवलं: पावसाळ्याच्या तोंडावर तिथे डांबरगोळे येऊन पडतात. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने त्यांचं रासायनिक मूळ शोधलंय. काही टँकर धुतल्याचे, तर काही मुंबई हायच्या तेलाचे. उद्या इथे शोध घ्यायचाच असेल, तर पहिली बैठक या जेटीवर व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

शोध थांबणार नाही, हेही खरं. देश ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. जानेवारी २०२४ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यातून ओएनजीसीचं पहिलं तेल आलं. मुंबई हाय मात्र म्हातारं झालंय. तिथलं उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साथीला घेतलंय. या सगळ्या बातम्यांत पिंपांचे आकडे असतात. दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या माणसांना आधी कुठल्या तरी तलावात उलटं लटकावं लागतं, हे त्यात येत नाही. यंत्र जुनं असो की पाणी खोल, भार शेवटी त्यांच्यावरच पडतो.

संध्याकाळी दादा बाहेर आला. डोळे लाल, केस ओले.

"झालं?"

"झालं. शेवटच्या वेळी खिडकी घट्ट होती. पण उघडली."

नाक्यावरच्या खानावळीत शिणाण्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं आणि भात खाल्ला. मुंबई हायवर ताजी मासळी मिळते का, असं विचारलं तर म्हणाला, प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती खूप मासे फिरतात, पण ते फक्त बघायचे.

परत निघालो. गाडीत बसल्याबसल्या त्याने पट्टा लावला. डावा हात खिडकीच्या कडेवर गेला, उजवा पट्ट्याच्या खटक्यावर. साळेवर अंधार उतरेपर्यंत दोन्ही हात तिथेच होते.