हळदी-हिरवा स्कार्फ आणि मुंबईतला एक रविवार

९ मार्च २०२५ च्या रविवारी सकाळी मी लालबागला मामांकडे पोहोचले, तेव्हा मामी चाळीच्या गॅलरीत बसून माझ्या स्कार्फच्या कडेची सुटलेली वीण आवळत होत्या. हा स्कार्फ त्यांनीच २०१० साली विणून दिला होता. मला हवा होता हिरवा आणि सोनेरी. दादरच्या दुकानात सोनेरी लोकर मिळाली नाही, म्हणून त्यांनी हळदीचा पिवळा घेतला, आणि पंधरा वर्षांत तो इतका मऊ आणि मळकट झाला आहे की आता मला तोच खरा रंग वाटतो. मार्चच्या उकाड्यात लोकर गळ्यात घालणे शक्यच नव्हते. मी स्कार्फ घडी करून पिशवीत ठेवला आणि मामांना घेऊन करी रोड स्टेशनकडे निघाले.

त्या रात्री दहा वाजता मँचेस्टर युनायटेडचा आर्सेनलशी सामना होता. सामन्याआधी युनायटेडचे हजारो समर्थक काळे कपडे घालून, क्लबच्या मालकांविरुद्ध घोषणा देत ओल्ड ट्रॅफर्ड या घरच्या मैदानावर चालत जाणार होते, आणि लोअर परळच्या एका बारमध्ये जमणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांनीही काळेच कपडे घालायचे ठरवले होते. 'परक्या देशातल्या क्लबच्या मालकाशी तुझं काय भांडण?' हा मामांचा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या आणि तरुणपणी फुटबॉलच्या रोव्हर्स कपचे सामने सहसा न चुकवणाऱ्या माणसाला पटेल असे उत्तर माझ्यापाशी नव्हते. म्हणून त्या दिवशी आपल्याच शहरातली फुटबॉलची ठिकाणे त्यांच्यासोबत पाहावीत आणि वाटेत त्यांना सगळे सांगावे, असे मी ठरवले.

गाडीत बसायला जागा मिळाली आणि मी अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतले. मँचेस्टर युनायटेड हा क्लब १८७८ साली न्यूटन हीथ या नावाने सुरू झाला आणि तो सुरू केला लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी. हिरवा आणि सोनेरी हे त्यांचे रंग. मँचेस्टर युनायटेड हे नाव १९०२ साली आले. मामांनी लगेच हिशोब केला, कारण परळचे वर्कशॉप १८७९ चे आहे.

"म्हणजे आमच्यासारखीच वर्कशॉपची टीम. मग ती विकली कोणी?"

याहून नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. १९९१ मध्ये क्लबचे समभाग शेअर बाजारात आले आणि २००५ साली अमेरिकेतल्या माल्कम ग्लेझर यांनी सुमारे ७९ कोटी पौंडांच्या मूल्याने क्लब ताब्यात घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा होता आणि त्या कर्जाचा बोजा टाकला गेला खुद्द क्लबवर, ज्याच्यावर त्याआधी कर्ज नव्हते. मी मामांना चाळीचे उदाहरण दिले. एखाद्याने कर्ज काढून अख्खी चाळ विकत घ्यावी, आणि त्या कर्जाचे हप्ते तिथे तीन पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंच्या भाड्यातून फेडावेत, असे ते होते. मामा मशीद बंदर येईपर्यंत गप्प राहिले.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून आम्ही आझाद मैदानाच्या कडेने चालत निघालो. मुंबईत ज्याला सरकारपुढे गाऱ्हाणे मांडायचे असते तो या मैदानाच्या कोपऱ्यात येऊन बसतो. गिरणी कामगार इथे बसले, अंगणवाडी सेविका बसल्या, शेतकरी नाशिकहून पायी चालत येऊन बसले. फुटबॉलसाठी बसलेले मात्र मी इथे कोणालाही पाहिलेले नाही. मामांना मी २ मे २०२१ ची संध्याकाळ सांगितली. इथे टाळेबंदी होती आणि युनायटेड-लिव्हरपूल सामना आपल्याकडच्या रात्री नऊला सुरू होणार होता. त्याच्या काही तास आधी शेकडो समर्थक ओल्ड ट्रॅफर्डच्या आत घुसून थेट मैदानावर उतरले, आणखी काही जणांनी खेळाडू थांबले होते त्या हॉटेलसमोर ठाण मांडले, आणि शेवटी सामना पुढे ढकलावा लागला. तो खेळला गेला १३ मे रोजी. त्या गोंधळात पोलीस जखमी झाले, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण दोनच आठवड्यांपूर्वी, १८ एप्रिलला, युरोपातल्या बारा धनाढ्य क्लबांनी समर्थकांना न विचारता आपली वेगळी सुपर लीग जाहीर केली होती, आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे इंग्लंडच्या सहाही क्लबांना ४८ तासांत माघार घ्यावी लागली होती. आपण एकत्र आलो तर मालक ऐकतो, हे लोकांना तेव्हा नुकतेच कळले होते.

ओव्हल मैदानावर रविवारचे क्रिकेट ऐन रंगात होते. दुपारी अडीचला दुबईत भारताचा चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना होता, त्यामुळे शहराचे सगळे लक्ष तिकडेच होते. कूपरेज या फुटबॉल मैदानाच्या फाटकापाशी मात्र फुटबॉलचे बूट घातलेली दहा-बारा वर्षांची मुले उभी होती. त्यांचा सराव नुकताच संपला होता, आणि कृत्रिम हिरवळीतले काळे रबरी दाणे त्यांच्या मोज्यांना, पोटऱ्यांना चिकटलेले होते. एक मुलगा फाटकाच्या उंबऱ्यावर बसून बूट उलटा करून झटकत होता आणि त्याची आई ते दाणे गाडीत सांडू नयेत म्हणून दुसरा बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधत होती. मामा वाकून त्यातला एक दाणा उचलून दोन बोटांत चोळत राहिले. "आमच्या वेळी इथे चिखल असायचा," ते म्हणाले.

रोव्हर्स कप ही देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. ती १८९१ पासूनची. १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी जिंकलेली. मामांच्या बोलण्यात त्यापुढची नावे येत राहिली : टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वेचे संघ. ही सगळी नावे कंपन्यांची आणि खात्यांची आहेत, हे मला त्यांच्याबरोबर तिथे उभी असतानाच पहिल्यांदा नीट जाणवले. मुंबईत कामगाराला फुटबॉलमुळे नोकरी मिळाली, घर मिळाले, सुटी मिळाली. क्लब मात्र कधीच मिळाला नाही. कोलकात्यात मोहन बागानचा सभासद असतो आणि तो बापाकडून मुलाकडे चालत येतो. आपल्याकडे संघ हा कंपनीच्या ताळेबंदातला खर्चाचा एक रकाना होता, आणि ज्या वर्षी तो नको झाला त्या वर्षी तो खोडला गेला.

महिंद्रा युनायटेडचे तेच झाले. लाल जर्सीतल्या त्या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, फेडरेशन कप जिंकला, ड्युरँड जिंकला आणि २०१० च्या हंगामाअखेर कंपनीने तो बंद केला. त्याच वर्षी, मार्चमध्ये, मिलानकडून खेळायला आलेल्या, एकेकाळी युनायटेडचाच खेळाडू असलेल्या डेव्हिड बेकहॅमने सामना संपल्यावर ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात पडलेला, ग्लेझर यांच्या निषेधाची खूण बनलेला हिरवा-सोनेरी स्कार्फ उचलून गळ्यात घातला, आणि ते दृश्य पाहून मी मामींकडे लोकरीचा हट्ट धरला. मँचेस्टरच्या क्लबसाठी मी स्कार्फ विणून घेत होते तेव्हा माझ्या शहराचा विजेता संघ गुंडाळला जात होता, आणि त्यासाठी मी एक ओळही लिहिली नाही. त्या फाटकापाशी मला याचे फार वाईट वाटले. मामांना मी विचारले, तुम्ही तरी तेव्हा काही का केले नाही?

"कंपनीची टीम कंपनीने बंद केली. आम्ही कोण विचारणारे?"

२००७ साली निघालेला मुंबई एफसी हा क्लबही २०१७ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली घसरल्यावर बंद पडला, आणि तेव्हाही विचारणारे मोजकेच होते.

चर्चगेटहून आम्ही अंधेरीची गाडी पकडली. वाटेत मी जर्मनीचे सांगितले. तिथे १९९८ पासून नियम आहे की क्लबमध्ये बाहेरचा पैसा आला, तरी निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्याच हाती राहिले पाहिजे. तुरळक अपवाद सोडले तर तो पाळला जातो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या लीगने प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा एका गुंतवणूकदाराला द्यायचा घाट घातला, तेव्हा समर्थक पहिली बारा मिनिटे मौन पाळत आणि मग मैदानावर टेनिसचे चेंडू फेकत. सामने पुन:पुन्हा थांबत राहिले आणि २१ फेब्रुवारी २०२४ ला लीगने तो व्यवहार सोडून दिला. मँचेस्टरमध्येही २००५ साली रागावून बाहेर पडलेल्या समर्थकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा वेगळा क्लब काढला. तो सहकारी तत्त्वावर चालतो : एक सभासद, एक मत. दहा वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांनी स्वतःचे मैदानही उभे केले.

"मग हे आपलं मंडळच की," मामा म्हणाले. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडून ते आले म्हणून त्याचे वजन मला कळले. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळात दरवर्षी सर्वसाधारण सभा होते, हिशोब फळ्यावर लागतो, आणि पन्नास रुपये वर्गणी देणारा म्हातारासुद्धा उभा राहून 'मांडवाचा खर्च वाढला कसा?' असे विचारू शकतो. मोठा देणगीदार आला म्हणून मूर्ती त्याच्या मालकीची होत नाही. जगभरातले फुटबॉलचे समर्थक मागतात ते यापेक्षा फार वेगळे नाही : हिशोब दाखवा आणि प्रश्न विचारू द्या.

अंधेरीला मेट्रोने आम्ही आझाद नगरला उतरलो आणि वीरा देसाई मार्गावरच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलासमोर येऊन उभे राहिलो. हे महापालिकेचे संकुल, आणि इथेच मुंबई सिटी एफसीचे घरचे सामने होतात. हा क्लब २०१४ चा. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचे ६५ टक्के भागभांडवल सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले. म्हणजे मँचेस्टरमधला आमचा शेजारी आणि वैरी असलेल्या मँचेस्टर सिटीचे मालक हेच माझ्या शहराच्या क्लबचेही मालक झाले. त्यांच्या काळात क्लबने २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची शिल्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, आणि २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. मी ते सामने जीव ओतून पाहिले आहेत. मालक चांगला निघाला तर सगळे चांगले असते. पण तो उद्या निघून गेला तर काय, हे तिकीट काढून येणाऱ्याला विचारण्याची जागा इथे कुठेच नाही.

हे मी लिहीत असताना तो 'उद्या' येऊन गेलेला आहे. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आल्याने जुलै २०२५ मध्ये पुढचा हंगामच अधांतरी लटकला, आणि डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबईतून बाहेर पडला. कोलकात्यात २०२० च्या विलीनीकरणानंतर क्लबच्या नावाला लागलेली 'एटीके' ही तीन अक्षरे काढण्यासाठी मोहन बागानच्या लोकांनी तीन वर्षे फलक धरले आणि मार्च २०२३ मध्ये मालकांना ती काढायला लावली. आपल्याकडे मालकच गेला, आणि वीरा देसाई मार्गावरची रहदारी क्षणभरही अडली नाही.

त्या रविवारी मात्र यातले काही घडलेले नव्हते. संकुलाच्या फाटकावर एक तरुण रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. मामांनी त्याला अगदी सरळपणे विचारले, "इथल्या क्लबचं सभासद व्हायचं तर वर्गणी कुठे भरायची?" त्याने एकदा मामांकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, तिकीट ऑनलाइन मिळतं." मामांनी मान हलवली. अडीचच्या आत घर गाठायचे होते, म्हणून आम्ही तिथे फार थांबलो नाही.

रात्री नऊ वाजता मी लोअर परळला पोहोचले. बार एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे, आणि सगळ्या पडद्यांवर क्रिकेट चालू होते. दहाच्या सुमारास भारत जिंकला. बाहेर फटाके लागले, अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आम्हीही मारल्या. मग मालकाने कोपऱ्यातला एक पडदा आमच्यासाठी बदलून दिला. चहूकडे निळ्या जर्सी होत्या आणि त्या कोपऱ्यात आम्ही अकरा जण काळ्या कपड्यांत. मी पिशवीतून स्कार्फ काढून समोरच्या टेबलावर पसरला, तेव्हा मामींनी सकाळी आवळलेली ताजी वीण जुन्या लोकरीत वेगळी उठून दिसत होती.

हंगामाच्या मध्येच ६६ पौंडांवर नेलेले तिकीट, ज्यात मुलांना आणि वृद्धांना सवलत नव्हती. २०२४ मधल्या सुमारे अडीचशे नोकरकपातींनंतर पुन्हा जाहीर झालेली आणखी दोनशेपर्यंतची कपात. ग्लेझर कुटुंबाच्या जोडीला सहमालक म्हणून आलेले जिम रॅटक्लिफ. आणि वीस वर्षांनंतरही न फिटलेले कर्ज, हे सगळे त्या काळ्या कपड्यांमागे होते. ब्रुनो फर्नांडिसच्या फ्री-किकने युनायटेडने आघाडी घेतली, उत्तरार्धात डेक्लन राइसने बरोबरी साधली आणि सामना १-१ असा सुटला.

मी घराकडे चालत असताना मामांचा फोन आला. इतक्या रात्री ते जागे असतील असे मला वाटले नव्हते. काय झाले, असे त्यांनी विचारले आणि मी गोलफलक सांगितला.

"मॅचचं नाही गं. मालकांचं काय झालं?"

"आहेत अजून," मी म्हटले.