मेणाचा पाय

खरं तर मी चालायला गेलोच नव्हतो. सामानाचा टेम्पो चालवायला गेलो होतो. सावंतवाडीहून जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला (सणाला) आमची तीसेक माणसं दरवर्षी चालत जातात. त्यात माझा एक मावसभाऊ. नोव्हेंबरात त्याचा पुण्याला फोन आला, "टेम्पोवालो आजारी पडलो हा, तू ये." गेलो. १ डिसेंबरला पहाटे साडेचारला मिलाग्रिस चर्चच्या आवारात पाहतो तर टेम्पोवाला ठणठणीत. गळ्यात मफलर, हातात चहा. "मगे काय, चल आता," भाऊ म्हणाला. पायात बूट नवे होते. आमच्या सोसायटीतले वारकरी आजोबा दर आषाढीला बजावतात की वारीला नवं पादत्राण घालू नये. मी दर आषाढीला मान डोलावतो.

सगळ्यांत पुढे क्रूस. चितारआळीत लाकडी आंबे आणि भाज्या करणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतलेला, पांगाऱ्याच्या लाकडाचा, म्हणून हलका. हिंदू माणूस, पैसे घ्यायला तयार नव्हता म्हणे. मागे टेम्पोवर कर्णा, त्यावर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्याच्या मागे आम्ही आणि सगळ्यांत मागे मी.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी रविवारचा ख्रिस्ती, तोही पावसाळा सोडून. आई होती तोवर घरात संध्याकाळी रोझरी व्हायची. आता टीव्ही असतो. श्रद्धा गेली असं काही झालेलं नाही, पण कपाटात वर ठेवलेल्या ब्लँकेटसारखी आहे. आहे हे माहीत असतं, काढत कुणी नाही.

बांद्याच्या अलीकडे माझ्या टाचेला पहिला फोड आला आणि मी मावशींच्या बरोबरीने चालू लागलो. मावशी म्हणजे कुणाच्या कोण ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळेच मावशी म्हणत. साठी कधीच उलटलेली, पायात मोजे आणि मोज्यांवर रबरी चप्पल. डाव्या हातात जपमाळ आणि उजव्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. खूप वेळाने विचारलं तेव्हा त्यांनी फडकं उलगडून दाखवलं. मेणाचा पाय. जो अवयव दुखतो तो मेणाचा करून सायबाला वाहतात. वीतभर, गुडघ्यापासून खालचा, पाचही बोटं नीट. जावयाकडून म्हापशाहून मागवला होता.

"कोणासाठी?"

"शेजारणीच्या झिलाचो पाय मोडलो. मोटरसायकल." मग जरा थांबून, "शेजारीण आपली नाय, पण तिना सांगलां, मावशे, तू जातंस तर माझांय सांग."

टेम्पोत ठेवला तर गाडीच्या पत्र्याने वितळेल, म्हणून हातात. तासातासाला बाटलीतलं पाणी त्या फडक्यावर शिंपडायच्या. स्वतः मात्र पाणी कमी प्यायच्या. वाटेत बायकांची सोय नाही म्हणून.

पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते आणि तिथे हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी इथे गोळ्या झाडल्या. आमच्यातल्या एका आजोबांनी टोपी काढली, टेम्पोवाल्याला कर्णा बंद करायला लावला आणि सगळ्यांनी उभ्यानेच 'हे आमच्या बापा' म्हटलं. मला तेव्हा एक अडचणीची गोष्ट आठवत होती. आम्ही ज्यांच्याकडे निघालो होतो त्या संत फ्रान्सिस झेवियर यांनीच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं. ते आलं १५६० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. पण मागितलं होतं हे खरं. मित्र हे मला ऐकवतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं. गल्लीगल्लीत घंटा वाजवत पोरं गोळा करणारा, रोग्यांची सेवा करणारा माणूस तोच आणि ते पत्र लिहिणाराही तोच. हे दोन्ही पोटात घेऊनच मी चालत होतो. आजोबांना हे ठाऊक होतं का, विचारलं नाही. ते टोपी परत घालून चालू लागले होते.

रात्री धारगळच्या पुढे एका घराच्या अंगणात मुक्काम. पेज, सुकटाची चटणी, लोणचं. जेवणानंतर जे पाहिलं ते मी विसरणार नाही. दोन बायका खोबरेल तेलाची वाटी कोमट करून घेऊन बसल्या आणि एकेकाचे पाय मांडीवर घेऊन चोळू लागल्या. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, गवंडी, कॉलेजची पोरगी, सगळ्यांचे. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात तेव्हा ते पाय घरून धुऊनच आलेले असतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. इथले पाय खरोखरीचे होते. डांबर लागलेले, भेगा पडलेले, वास मारणारे. माझी पाळी आली तेव्हा मी लाजून "नको, नको" म्हटलं. "गप बस," ती बाई म्हणाली आणि माझा मोजा ओढून काढला.

मग प्रार्थना. धर्मशिक्षण देणाऱ्या मास्तरांनी सांगितलं, एकेकाने एकेका गोष्टीसाठी देवाचे आभार माना. कुणी सावलीसाठी मानले, कुणी पेजेसाठी, त्या पोरीने परीक्षा पुढे गेली म्हणून. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मला काही सुचेना. "पुढे," मी म्हणालो, पत्ते खेळताना पास म्हणतात तसा. मास्तर काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी बायबलमधलं संत पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं आणि पहिल्या अध्यायातल्या चार ओळी वाचल्या. पौल मुद्द्यावर यायच्या आधी तिथल्या सगळ्या लोकांबद्दल देवाचे आभार मानतो, कारण त्यांच्या विश्वासाची बातमी जगभर झाली आहे. पौल तोवर रोमला गेलेला नव्हता, मास्तर म्हणाले. न पाहताच आभार मानत होता.

दुसरा दिवस माझ्यासाठी वाईट गेला. दोन्ही टाचा गेल्या. बूट टेम्पोत टाकून मी कुणाच्या तरी जादा स्लिपरांवर कोलवाळचा पूल ओलांडला. म्हापशात तुळशीवृंदावन असलेल्या एका घरातून लिंबाचं सरबत आलं, भलं मोठं पातेलं भरून. दुपारी पर्वरीच्या आसपास मावशींनी फडकं उलगडलं आणि त्यांचा चेहरा पडला. मेणाचा पाय घोट्याशी वाकला होता. "मोडलो तो मोडलो, आणि ह्योय वाकलो," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघंही हसलो, जरा जास्तच.

मांडवीच्या पुलावर आलो तेव्हा दिवे लागले होते. खाली कॅसिनोंच्या बोटी झगमगत होत्या, संगीत वर पुलापर्यंत येत होतं. पणजीहून रायबंदरला जाणारा बांध पोर्तुगिजांनी १६३० च्या दशकात घातला. दोन्हीकडे पाणी, खारफुटी, खाजणाचा वास. तिथे कर्ण्याची बॅटरी संपली. एकदम शांतता. आणि मग पुढून कुणीतरी 'नमो मरिये', रोझरीतली मारियेची प्रार्थना, सुरू केलं, मागच्यांनी उत्तर दिलं. अर्धी माणसं मराठीत, अर्धी कोंकणीत, एकाच वेळी. दोन्हींचा शेवट मागेपुढे होत होता. पुढच्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. बँकवाल्याचं लंगडणं, क्रूस आता त्या पोरीच्या खांद्यावर, आजोबांची टोपी.

काल रात्री पास म्हटलेलं तिथे आठवलं. मी म्हणालो, मनात, कारण मोठ्याने म्हणायचं धाडस झालं नाही: देवा, ह्यांच्यासाठी. माझ्याकडे दाखवण्यासारखं फारसं नाही, पण ह्यांचं मी दोन दिवस डोळ्यांनी पाहतोय. एवढंच. मग पुढच्या 'नमो मरिये'ला उत्तर द्यायला उशीर झाला.

मांडवात झोपलो. पहाटेपासून मिस्सा, म्हणजे चर्चच्या उपासना, सुरूच होत्या, आम्हाला मिळाली ती कोंकणीत. सायब जिथे आहेत त्या बॉम जेझू चर्चच्या भिंतींना गिलावा नाही; तांबडा चिरा, आमच्या गावच्या घरांचाच. ३ डिसेंबर १५५२ ला सायब गेले ते चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर, चीनला न पोहोचताच. आता वर त्यांच्या देहाची चांदीची पेटी दिसते. दोन मिनिटं मिळतात, मागून रेटा असतो. माझं तिथे काहीच मागायचं राहून गेलं.

बाहेर मेणबत्त्या ठेवतात तिथे मावशी थांबल्या. फडकं काढून खांद्यावर टाकलं. तो वाकडा पाय दोन्ही तळव्यांत धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं प्रार्थना करताहेत. त्या तो ऊब देऊन हळूहळू सरळ करत होत्या. घोट्याशी एक बारीक चीर राहिली, तिच्यावर त्यांनी अंगठा फिरवला, मग तो मेणबत्त्यांच्या कडेला ठेवला, बोटं वर करून.

"बस कितीक वाजता आसा?" त्यांनी विचारलं. "शेजारणीक फोन करूचो हा, पण माझ्या मोबायलात पैशे नाय."

मी माझा दिला.