बायो-ऑइलचं डांबर आपल्या उन्हात टिकेल का?

डिसेंबर 2024 मधे नागपूरजवळ मनसरला नॅशनल हायवे 44 वर बायो-बिटुमेनच्या, म्हणजे वनस्पतींपासूनचा घटक मिसळलेल्या डांबराच्या, पट्ट्याचं गडकरींच्या हस्ते उद्घाटन झालं. मी रोडच्या मटेरियल टेस्टिंगमधे आहे, म्हणून तेव्हापासून लोक मला विचारतात की भाऊ, हा तणसाच्या तेलाचा, म्हणजे बायो-ऑइलचा रोड आहे का? तर नाही, मनसरला लिग्निन, म्हणजे लाकडाला आणि तणसाला कडकपणा देणारा घटक, वापरलंय, आणि लिग्निनने डांबर सहसा घट्ट होतं. बायो-ऑइलचं उलटं आहे, त्याने डांबर पातळ होतं, म्हणून हे दोन एकाच डब्यात टाकू नका.

बायो-ऑइल म्हणजे तणस, पऱ्हाटी, लाकडाचा भुसा असं काहीही हवा न लागू देता साधारण 500 अंशावर झटकन तापवायचं आणि निघालेली वाफ थंड करायची, की काळपट, आंबूस वासाचं द्रव मिळतं. त्यात 15 ते 30 टक्के पाणीच असतं आणि ऑक्सिजनही भरपूर, त्यामुळे आधी पाणी काढावंच लागतं, नाहीतर गरम डांबरात टाकलं की फेस येतो.

आता डांबर मऊ झालं की थंडीत तडे कमी जातात. अमेरिकेत आयोवातल्या डे मॉइन शहरात 2010 मधे सायकल ट्रॅकवर बायो-अस्फाल्ट टाकून पाहिलं होतं, तिथे बर्फ पडतो, तिथे ह्या गुणाला किंमत आहे. नागपुरात मे महिन्यात हवाच 45 च्या वर जाते, डांबराचा पृष्ठभाग 60 पार करतो, आणि लोडेड ट्रक सिग्नलला उभे राहिले की चाकांच्या रेषेत रोड दबून खाचा पडतात. आपल्याकडे व्हीजी-30, व्हीजी-40 ह्या डांबराच्या ग्रेडची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, 60 अंशावर मोजतात ती उगाच नाही.

पण माझी खरी काळजी पुढची आहे, म्हणजे डांबर म्हातारं होतं त्याची. लॅबमधे आधी 163 अंशावर 85 मिनिटं पातळ थरात फिरवतात, म्हणजे डांबर आणि खडी गरम मिसळतात त्या हॉट मिक्स प्लांटमधे जे होतं त्याची नक्कल, मग प्रेशर देऊन 100 अंशाच्या आसपास 20 तास ठेवतात, ती रोडवरच्या वर्षांची नक्कल. बायो-ऑइलवालं डांबर पहिल्याच टप्प्यात जास्त वजन गमावतं कारण हलके घटक उडून जातात, उरलेलं ऑक्सिजनशी लवकर जुळतं आणि मग जे मऊ म्हणून घेतलं तेच भराभर कडक होत जातं. खरं तर 163 अंश ह्या मिश्रणावर जरा अन्यायच आहे, ते कमी तापमानाला मिसळता येतं, पण मग प्लांटवरही तेच तापमान पाळलं गेलं पाहिजे, बर्नर सोडून दिला की संपलं.

म्हणून मला वाटतं विदर्भात बायो-ऑइलची जागा नव्या डांबरात कमी आणि जुन्या, खरवडून काढलेल्या डांबरात जास्त आहे. उन्हाने ते आधीच कडक झालेलं असतं, त्यातला तेलकट भाग कमी झालेला असतो, तिथे हा मऊपणाच कामी येतो, भंडारा-गोंदियाच्या तणसालाही गिऱ्हाईक मिळतं. फक्त किती टाकायचं हे ताज्या मिश्रणावर ठरवू नका, लॅबमधली ती दोन्ही एजिंग, म्हणजे डांबर म्हातारं करायचे टप्पे, झाल्यावरच ठरवा.